खडकवासल्याचा तपासणी अहवाल पुणेकरांपुढे ठेवा

मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



खडकवासला धरणाबद्दल एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला आपल्याला सवड झाली नाही तरी चालेल. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर धरणाची तपासणी करायची असते. त्या तपासणीत काय आढळलं, आणि या धरणाला किंवा त्याच्या वरच्या धरणांना काही झालं तर कोणी, केव्हा, काय करायचं, हे दोन्ही मराठीत लिहून लोकांपुढे ठेवा.

धरण धोक्यात आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही. पण ते ठणठणीत आहे असं म्हणायलाही नाही, आणि माझं गाऱ्हाणं नेमकं हेच आहे. मुठेच्या काठी राहणाऱ्या लाखो माणसांना वरच्या अंगाला उभ्या असलेल्या या भिंतीबद्दल ‘साहेबलोक बघतात’ यापलीकडे काही ठाऊक नसतं.

पुणेकर हे धरण ओळखतात ते चौपाटी म्हणून. जूनच्या शेवटी एक बरा पाऊस झाला की शनिवार-रविवारी सिंहगड रस्ता दुपारपासूनच तुंबायला लागतो. पाण्याच्या कडेने गाड्यांची रांग लागते. कोळशाच्या शेगडीवर कणसं फुटत असतात, त्यांना लिंबू-तिखट-मीठ चोळून मिळतं. कांदाभजीचा घाणा निघत असतो, चहाचे कागदी कप हातोहात फिरत असतात. पोरं पाण्याकडे पाठ करून बसतात आणि फोटो काढतात. एखादा बाप लहानग्याला खांद्यावर घेऊन ‘ते बघ पाणी’ म्हणून दाखवतो. पलीकडच्या काठाला एनडीएची झाडी, मागे सिंहगडावर उतरलेले ढग. यात गैर काही नाही. समुद्र नसलेल्या शहराला पाण्याकाठी जाऊन बसावंसं वाटणारच, आणि त्या गर्दीवर आसपासच्या गावांतल्या अनेक घरांची चूलही पेटते. ‘पाण्यात उतरू नये’ अशा पाट्या तिथे दिसतात. पण धरण किती जुनं, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, आज विसर्ग चालू आहे का, भोंगा वाजला तर कुठल्या बाजूने वर चढायचं, हे सांगणारी पाटी माझ्या पाहण्यात कधी आली नाही.

धरण जुनं आहे. १८६९ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि पुरं व्हायला सुमारे दहा वर्षं लागली. कर्नल फाईफ या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली चुन्यात बांधलेलं हे दगडी धरण. जलाशयाला त्याचंच नाव होतं, लेक फाईफ. पुण्याच्या कॅन्टोन्मेंटला पाणी आणि खालच्या दुष्काळी तालुक्यांना कालवा, असे दोन हेतू होते. पुढे १९०३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा इथेच बसवले. भिंत न वाढवता साठा वाढवण्याची ती युक्ती नंतर ग्वाल्हेरला आणि म्हैसूरला गेली. अभियांत्रिकीच्या इतिहासात या धरणाला मान आहे तो असा. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं, आणि तेही याच पाण्याच्या शेजारी. देशभरातल्या धरणांची लहान प्रतिरूपं बांधून त्यांचं पाणी कसं वाहील हे जिथे तपासतात, ती जागा आमच्या चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्ञानाची वानवा इथे नाही. ते ज्ञान नदीकाठच्या घरापर्यंत उतरत नाही, एवढीच अडचण आहे.

आता आकड्यांकडे पाहू, कारण खडकवासल्याचा सगळा प्रश्न आकड्यांत आहे. या धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. त्याच्या वर पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. म्हणजे वर २७ टीएमसीहून जास्त पाणी, खडकवासल्याच्या जवळजवळ चौदा पट, आणि ते सगळं शहराकडे येतं ते या एका जुन्या धरणातून. त्यामुळे खडकवासल्याची भिंत कितीही मजबूत असली, तरी तिची सुरक्षितता तिच्या एकटीच्या हातात नाही. साठा लहान म्हणून तो भरतोही झपाट्याने. वरच्या पाणलोटात रात्रीतून अतिवृष्टी झाली की येवा वाढतो, आणि दरवाजावरच्या अभियंत्याला पाणी धरून ठेवायला जागाच नसते. त्याला ते सोडावं लागतं. ही त्याची चूक नव्हे, धरणाची घडणच तशी आहे. म्हणून तर खालच्या माणसाला वेळेवर कळणं इथे जास्त मोलाचं आहे.

१२ जुलै १९६१ ला वरचं पाणी असंच खडकवासल्यावर आलं होतं, आणि खालच्या माणसाला वेळेवर कळलं नव्हतं. पानशेतचं धरण मातीचं आणि नवं, काम पुरं व्हायचं होतं. पाणी सोडायच्या मोरीचं आणि तिच्या दरवाजाचं काम अर्धवट असताना पावसाळ्यात पाणी अडलं. अंबी नदीला लोंढा आला आणि भराव खचायला लागला. आदल्या दिवशी लष्कराला बोलावलं गेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, भर पावसात, अंधारात. त्यांच्या त्या कष्टामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं. पुण्यात किती जीव त्यामुळे वाचले याचा हिशेब करता येणार नाही, पण पुणेकर ते विसरलेले नाहीत. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं. मातीच्या धरणाच्या डोक्यावरून पाणी गेलं की ते वाहून जातं. दगडी धरण काही काळ टिकाव धरतं. ऐंशीएक वर्षांच्या त्या भिंतीने माथ्यावरून पाणी जात असताना काही तास टिकाव धरला आणि मग तीही फुटली. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, डेक्कन, सगळा नदीकाठ पाण्याखाली गेला.

त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मला पाण्याच्या उंचीपेक्षा जास्त अस्वस्थ करते. बातमी कळली कशी, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं, ‘पाणी आलं, पळा.’ कुणी सायकलवरून आलं, कुणाला शेजारणीने हाक मारली. म्हणजे धरण अडचणीत आहे हे आदल्या दिवसापासून सरकारला ठाऊक होतं, पोती रचणाऱ्या जवानांना ठाऊक होतं, आणि पेठेतली बाई मात्र सकाळी नेहमीसारखी चूल पेटवून बसली होती. किती माणसं गेली याच्या आकड्यावर आजही एकमत नाही. चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर नेमले गेले. काम पुरं होण्याआधीच त्यांचं निधन झालं, आणि मग न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते पुढे नेलं. शहर पुन्हा उभं राहिलं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इथे पूरग्रस्तांची घरं झाली. खडकवासला दुरुस्त झालं, पानशेत नव्याने बांधलं गेलं. त्या सकाळी जी माहिती वरून खाली पोहोचली नाही, तिच्यासाठी मात्र पक्की वाट बांधलेली मला अजून दिसत नाही.

आपण म्हणाल, ती साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, आता मोबाइल आहेत. म्हणून २५ जुलै २०२४ ची पहाट सांगते. पाणलोटात आणि शहरातही रात्रभर पाऊस कोसळत होता. खडकवासल्यातून विसर्ग वाढवत वाढवत ३५ हजार क्युसेकच्या पुढे नेला गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, निंबजनगरात तळमजल्यांत पाणी शिरलं तेव्हा लोक झोपेत होते. वाहनतळातल्या गाड्या बुडाल्या, लिफ्टचे खड्डे भरले, वीज गेली. लष्कराच्या तुकड्या आणि बोटी बोलवाव्या लागल्या. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेचा धक्का लागून गेले. नंतर पाटबंधारेवाले म्हणाले, आम्ही कळवलं होतं. महापालिकेकडून सूर निघाला, आम्हाला वेळेत कळलं नाही. कोण खरं, या वादात मला पडायचं नाही. दोन कार्यालयांमध्ये जी माहिती हरवू शकते ती तळमजल्यावरच्या म्हातारीपर्यंत कशी पोहोचणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

विसर्गाचा निरोप हल्ली व्हॉट्सॲपवर येतो. त्याची धाटणी आता पाठ झाली आहे: खडकवासला धरणाच्या सांडव्यातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग अमुक वाजता वाढवून इतके क्युसेक करण्यात येत आहे, पावसाच्या प्रमाणानुसार व येव्यानुसार विसर्ग कमी-जास्त होण्याची शक्यता आहे, नदीपात्रात उतरू नये. निरोप खरा असतो, बहुतेक वेळा वेळेवरही असतो. पण ३५ हजार क्युसेक म्हणजे माझ्या इमारतीच्या पायरीशी किती पाणी, हे त्यातून कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला रिकामे व्हावेत इतकं. हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही शाखा अभियंत्याला पाठ असतं. त्याने पुढचं वाक्य लिहावं: एवढा विसर्ग सोडला तर या या गल्लीत पाणी येतं, दोन तासांत येतं, गाड्या काढून घ्या. नकाशे आहेत, पूररेषा आखलेल्या आहेत, मागच्या पुरांच्या खुणा भिंतींवर आहेत.

पूररेषांचं निघालंच म्हणून सांगते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा पुण्यात ६० हजार क्युसेकच्या हिशेबाने धरलेली आहे, आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा त्याहून वरची. २०२४ चा विसर्ग निळ्या रेषेच्या हिशेबाच्या बराच खाली होता, तरी वसाहती बुडाल्या. पात्रात भराव पडले, बांधकामं पात्राच्या कडेला येऊन टेकली, ओढे बुजले. यातलं बरंचसं आपल्या खात्याच्या हातात नाही, महापालिकेच्या हातात आहे, हे मान्य. पण मग धरण सांभाळणाऱ्याने दरवर्षी उघडपणे सांगायला हवं की या नदीत आता किती पाणी विनाअपाय सोडता येतं. दर पावसाळ्याला हा आकडा जाहीर झाला आणि तो दरवर्षी घटत गेला, तर पात्रात भराव टाकणाऱ्याला आणि त्याला परवानगी देणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही.

माहिती दडून राहिली की काय होतं, याची उदाहरणं लांब जाऊन शोधावी लागत नाहीत. टेमघर तर खडकवासल्याच्याच साखळीतलं, या शतकातलं धरण. २०१६ मध्ये त्याची गळती इतकी गाजली की सरकारने अभियंत्यांवर आणि ठेकेदारांवर गुन्हे नोंदवले. पुढे ग्राउटिंग करून ती बरीचशी आटोक्यात आणली गेली, त्यासाठी धरण रिकामं करावं लागलं. काम झालं, याचं श्रेय खात्याला द्यायलाच हवं. पण गळती पहिल्यांदा नोंदली गेली तेव्हाच ती नोंद पुण्यात कुणाला वाचता आली असती, तर इतकी वर्षं थांबावं लागलं असतं का? २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा, पाऊस नसताना, शेकडो घरांत पाणी शिरलं. उंदीर-घुशी-खेकड्यांनी भिंत पोखरली, असं तेव्हा सांगितलं गेलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. तिथेही दोष खेकड्यांवर गेला. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. बांधाखाली राहणाऱ्याला ओल दिसते, झिरपणाऱ्या पाण्याचा रंग बदललेला दिसतो. त्याच्याकडून येणारी खबर नोंदवून घ्यायला आणि तिचं पुढे काय झालं हे त्याला सांगायला एखादी ठरलेली वही आणि ठरलेला माणूस असता, तर तिवऱ्याचं काय झालं असतं हा विचार मनातून जात नाही.

सहलीचं ठिकाण झालेल्या जुन्या धरणाची सगळ्यात कठोर गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. कालव्याला पाणी पुरवायला सरकारने ते बांधलं, १८५३ च्या सुमारास पुरं झालं. रेल्वे आली, कालवा मोडीत निघाला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळाशी असलेले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून विकून टाकले. १८७९ मध्ये, म्हणजे इकडे खडकवासला पुरं होत होतं त्याच सुमारास, पिट्सबर्गच्या धनिकांनी ते तळं आपल्या क्लबसाठी घेतलं. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक त्यांच्यातलेच. धरणावरून बग्ग्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला. तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. नळ पुन्हा बसवले नाहीत. खाली जवळपास बावीस किलोमीटरवर जॉन्सटाउन गाव होतं. तिथल्या लोकांनी शंका काढल्या, त्यांना सांगितलं गेलं की काळजीचं कारण नाही. ३१ मे १८८९ ला अतिवृष्टीत सांडवा जाळ्यांनी आणि गाळाने तुंबला, पाणी उतरवलेल्या माथ्यावरून गेलं आणि धरण वाहून गेलं. २,२०९ माणसं मेली. त्या दुपारी तारेने इशारे गेले होते, पण दरवर्षी धरण फुटल्याच्या वावड्या ऐकून लोकांचा त्यावर विश्वास उरला नव्हता. क्लबातल्या कुणालाही न्यायालयाने जबाबदार धरलं नाही.

खडकवासला म्हणजे साउथ फोर्क नव्हे. इथे मालक सरकार आहे, अभियंते आहेत, दरवाजे ११ आहेत आणि ते चालतात. पण एक धोका दोन्हीकडे सारखा आहे. एखाद्या धरणाकडे आपण करमणुकीची जागा म्हणून बघायला लागलो की ते धरण आहे हे हळूहळू विसरलं जातं, आधी येणाऱ्या-जाणाऱ्याकडून आणि मग सांभाळणाऱ्याकडूनही. माथ्यावरचा रस्ता, जाळी, टपरी, कठडा, अशा लहानसहान सोयी एकेक करून होत जातात आणि त्यांचा धरणावर काय परिणाम होतो हे विचारायची जबाबदारी कुणा एकाची राहत नाही.

चौपाटीवर आज तीच गत आहे. धरण आपल्या खात्याचं. खडकवासला गाव २०२१ पासून पुणे महापालिकेत. रस्ता, अतिक्रमण, गर्दी, बंदोबस्त यांची खाती वेगवेगळी. पलीकडचा काठ संरक्षण खात्याचा. टपऱ्या मधूनमधून हटवल्या जातात आणि काही दिवसांनी पुन्हा लागतात. मे २०२३ मध्ये गोऱ्हे खुर्दला पाण्यात उतरलेल्या मुलींपैकी दोघी बुडाल्या. बाकीच्यांना जवळ असलेल्या लोकांनी उड्या टाकून बाहेर काढलं, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेले. भुशी तर रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. इंजिनं गेली, धरण राहिलं आणि सहलीची जागा झालं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. दर वेळी त्यानंतर आदेश निघाले, जमावबंदी लागली, पाट्या रंगल्या. धोकादायक जागा कुठल्या हे कार्यालयांना ठाऊक नव्हतं असं यातल्या कुठल्याच घटनेत म्हणता येत नाही.

कायदा या बाबतीत लोकांच्या बाजूने आहे, हे बहुतेकांना माहीत नाही. संसदेने केलेला धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरहून उंच प्रत्येक धरण त्यात येतं, म्हणजे खडकवासल्यासह या साखळीतली चारही. धरणमालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, पूर, भूकंप यांसारख्या घटनेनंतरही करायची. धरणाखालच्या भागासाठी पूर-इशारा यंत्रणा उभारायची आणि ती चालते का हे वेळोवेळी पाहायचं. किती पाणी येण्याची आणि सोडावं लागण्याची शक्यता आहे आणि त्याने कुणाचं काय नुकसान होईल, ही माहिती लोकांना द्यायची. प्रत्येक धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा, आणि बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाचं सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचं. या दोन्हींसाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत ३० डिसेंबर २०२६ ला संपते. महाराष्ट्रात देशातली सगळ्यात जास्त मोठी धरणं आहेत. नाशिकला आपली धरण सुरक्षितता संघटना कितीतरी आधीपासून काम करते आहे. कायदा आला तेव्हा आपल्याला शून्यातून सुरुवात करायची नव्हती.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप येतील, ते मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलेही आहेत. पहिला सुरक्षेचा: धरणाचे तपशील उघडे करता येत नाहीत, शेजारी एनडीए आहे. मला नकाशे नकोत, दरवाजांच्या यंत्रांचे बारकावे नकोत. तपासणीत सापडलेले दोष गांभीर्यानुसार श्रेणींत मांडतात. खडकवासल्यात कुठल्या श्रेणीचे किती दोष निघाले, मागच्या वर्षीच्यांपैकी किती दुरुस्त झाले, उरलेले कधी होणार, झिरप मागच्या वर्षीपेक्षा वाढली की घटली, दरवाजे आणि त्यांचं वीज गेल्यावरचं जनित्र चालवून पाहिलं का, एवढं दोन पानांत मावतं. ती दोन पानं वाचून घातपात करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की लोक घाबरतील. मला वाटतं, लोक न सांगितल्यामुळे घाबरतात. दर पावसाळ्यात ‘धरण फुटलं’ अशी एखादी ध्वनिफीत फोनवर फिरते, आणि ती खोटी ठरवायला लोकांजवळ काहीच नसतं. जॉन्सटाउनला इशारा वाया गेला तो अशाच वावड्यांनी. ज्याने आपल्या धरणाचा अहवाल वाचलेला आहे, ज्याला खरा निरोप कुणाकडून आणि कसा येणार हे ठाऊक आहे, तो खोट्या निरोपाने पळत सुटणार नाही आणि खऱ्याला दाद देईल. आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुरानंतर मी तिथल्या एका बाईशी बोलले होते. ती म्हणाली, ‘आधी सांगितलं असतं तर आम्ही काय घाबरलो असतो? पोरांना घेऊन वर गेलो असतो.’ तो ओढा कात्रजच्या पेशवेकालीन तलावाकडून येतो, आणि त्या तलावाकाठीही आज आपण सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जातो.

हे सगळं सुरू करायला नवी यंत्रणा लागत नाही. मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात, खडकवासल्याच्या चौपाटीवर आणि नदीकाठच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एकेक फलक लागू द्या. त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि दोषांची स्थिती असू द्या. विसर्गाच्या निरोपात क्युसेकच्या शेजारी वसाहतींची नावं येऊ द्या. पावसाळ्याआधी एक दिवस ठरवून भोंगे वाजवून पाहा, आणि ते एकतानगरीत, दांडेकर पुलाशी, पुलाच्या वाडीत ऐकू येतात का हे तिथल्याच लोकांना विचारा. तुमच्या कार्यालयातून ते समजणार नाही. चौपाटीसाठी एकाच अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा, ज्याच्याकडे रविवारी संध्याकाळी गर्दी थांबवायचा अधिकार असेल. टपरीवाल्यांना हुसकावण्यापेक्षा त्यांना हाताशी धरा. दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसलेली तीच माणसं आहेत; पाणी वाढलं, कुणी उतरलं, भिंतीच्या अंगाला ओल दिसली, तर पहिली खबर तीच देतील.

पहिला अहवाल येत्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा असू द्या. तो आपल्या अभियंत्यांनी एखाद्या संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही शाळेच्या सभागृहात लोकांना वाचून दाखवावा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. आम्ही ऐकायला येऊ. तारीख तेवढी आधी कळवा.

आपली,
सिंहगड रस्त्यावर राहणारी एक नागरिक
पुणे